येळ्ळूरच्या घरचा लेथ: फुटांच्या आधी कामं मोजली

बेळगाव भागात लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून टूलने कापणारं यंत्र, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती फुटी?" उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतला जुनी मशीनं विकणारा हेच विचारतो, मच्छेच्या शेडमधला मिस्त्री हेच विचारतो आणि घ्यायला आलेला माणूसही घरून आकडा पाठ करूनच निघालेला असतो. घरच्या वर्कशॉपसाठी तरी हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते एका प्रत्यक्ष निवडीवरून सांगतो. मशीन बसलं, एक पावसाळा काढून झाला, त्यावर कामंही निघू लागली आहेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

लेथ घ्यायचा होता माझ्या भावोजींना. हायस्कुलात विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि येळ्ळूरला घरीच असतात. त्यांना नाद आहे जुन्या डिझेल इंजिनांचा. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशिवारात एके काळी विहिरींवर ही इंजिनं धडधडायची. विजेचे पंप आले तशी ती शेडच्या कोपऱ्यात, गवताच्या गंजीमागे गंजत पडली. भावोजी ती आणतात, खोलतात आणि पुन्हा चालू करतात. विकण्यासाठी नव्हे. चालू झालेलं इंजिन बऱ्याचदा ज्याचं त्यालाच परत जातं.

अडचण यायची ती बुशापाशी, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीपाशी. व्हॉल्व्ह गाइड झिजलेला, रॉकरचा बुश ढिला, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट खाल्लेला. असं एकेकटं काम घेऊन उद्यमबागेत गेलं की टर्नर नाही म्हणत नाही, पण त्याच्या मशीनवर शेकड्यांनी नग चालू असतात. त्यातून तो एका बुशासाठी चक (काम पकडून फिरवणारा जबडा) मोकळा कधी करणार? "शनिवारी बघूया की ओ मास्तर," असं म्हणून काम बाजूला राहतं, आणि त्यात त्याचंही काही चुकत नाही. शेवटी भावोजींनी ठरवलं की घरामागचा रिकामा गोठा साफ करायचा आणि स्वतःचा लेथ बसवायचा. जागा साधारण १४ फूट बाय ९ फूट, घरात सिंगल फेज वीज, खर्चाची तयारी लाखाच्या आतबाहेर. आणि खंडेनवमीच्या पूजेला मशीन दारात हवं, हा हट्ट.

माझं आयुष्य टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या खात्यात गेलं, म्हणून निवडीचं काम माझ्याकडे आलं.

आधी वही

मशीन बघायला बाहेर पडण्याआधी मी त्यांना एकच काम सांगितलं: गेल्या काही वर्षांत कुठल्या कुठल्या कामासाठी उद्यमबागेत जावं लागलं, ते मापांसह लिहून काढा. मास्तरच ते, त्यांनी वहीत रकाने आखून लिहिलं. गनमेटलचे बुश, रॉकर शाफ्ट, गव्हर्नरच्या पिना, २० ते २५ मिमीचे पंपशाफ्ट, एकदोन ३५ मिमीचे, सहा ते दहा इंची बिडाच्या पुल्या. आणि खाली फ्लायव्हील, क्रँकशाफ्ट, लायनर.

शेवटच्या तिन्हींवर मी काट मारली. फ्लायव्हील दोन फुटांचं. ते फिरवायचं तर लेथ गोठ्यात मावणार नाही. क्रँक ग्राइंडिंगला वेगळं मशीन लागतं आणि लायनरला होनिंग. ही कामं करणारे लोक बेळगावात आहेत आणि चांगले आहेत. हे शहर फौंड्रीचं आणि मशीन शॉपचं. मोठं काम पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर होत असताना घरच्या लेथवर त्याचं ओझं कशाला टाकायचं? एखाद्या दूरच्या खेड्यात राहणाऱ्याला मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता. येळ्ळूरला राहणाऱ्याला घरी सगळं करायची गरजच नाही.

यादी गाळल्यावर दोन अटी उरल्या, आणि पुढची सगळी निवड त्या दोन अटींवरच झाली. ३५ मिमीचा शाफ्ट स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या, आतून आरपार गेला पाहिजे. आणि दहा इंची पुली बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, फिरली पाहिजे.

स्पिंडलच्या भोकाकडे घरगुती गिऱ्हाईक बघतच नाही. दीड फुटाच्या शाफ्टच्या एका टोकाला फक्त दोन इंच काम करायचंय, असं धरा. शाफ्ट भोकातून मागे सरकला तर चकाबाहेर दोनच इंच राहतो, घट्ट धरला जातो, काम नीट होतं. भोकात गेला नाही तर सगळा शाफ्ट चकाबाहेर, त्याला स्टेडी रेस्ट (मध्ये आधार देणारी चौकट) लावा, आणि टोकाला छिद्र पाडायचं असेल तर पुढे टेलस्टॉक (बेडच्या दुसऱ्या टोकाचा आधार), त्यात ड्रिल चक, त्यात ड्रिल. सगळा बेड तिथेच संपला. म्हणजे भोक मोठं असेल तर कमी लांबीचा लेथ पुरतो. भोक लहान असेल तर दोन फूट जास्त लांबीही अपुरी पडते.

फुटांबद्दलही गैरसमज फार. साडेचार फुटी लेथ म्हणजे बेडची एकूण लांबी साडेचार फूट, म्हणजे साधारण १,३७० मिमी. त्यातली जागा हेडस्टॉक (स्पिंडल बसवलेलं डोकं) खातो, टेलस्टॉक खातो, आणि दोन सेंटरांच्या (काम धरणाऱ्या टोकांच्या) मध्ये उरतात सुमारे दोन-सव्वादोन फूट. भावोजींना हे टेप धरून दाखवेपर्यंत त्यांचा आग्रह सहा फुटीचाच होता. वहीतला सगळ्यात लांब शाफ्ट दीड फुटाचा निघाल्यावर तो आग्रह आपोआप गळाला.

दुसऱ्या अटीचं गणित सोपं. सेंटरची उंची, म्हणजे बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, साडेसहा इंच असेल तर बेडवर तेरा इंचांपर्यंतचं काम फिरतं. क्रॉस स्लाइडवर (टूल आडवं सरकवणाऱ्या भागावर) मात्र त्याहून बरंच कमी, आठ इंचांच्या आसपास. दहा इंची पुली चकाजवळ धरली आणि टूल बाजूने आणलं की काम होतं. चकाजवळ बेडला गॅप (खाच) असेल तर आणखी सोय.

बघितलेली मशीनं

परदेशी बनावटीचा टेबलावरचा छोटा लेथ पहिल्यांदा बघितला, कारण तो सिंगल फेजवर चालतो आणि दोघांनी उचलून आणता येतो. घड्याळाचे किंवा मॉडेलचे सुटे भाग करणाऱ्याला तो उपयोगाचा आहे. आमच्या पहिल्याच अटीत तो बसला नाही.

मग नाव निघालं हरिहरच्या किर्लोस्करचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, आणि पुढे त्याच घराण्याच्या म्हैसूर किर्लोस्करने हरिहरला १९४१ पासून लेथचा कारखाना चालवला. भावोजी ज्या इंजिनांवर जीव टाकतात, त्यांतल्या अनेकांवरही हेच नाव आहे. त्यामुळे लेथही त्याच नावाचा असावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती आणि मला ती पूर्णपणे पटते. पण आम्ही शोधत होतो तेव्हा आमच्या मापाचा आणि चांगल्या स्थितीतला एकही समोर आला नाही.

एका बंद होणाऱ्या शेडमध्ये एचएमटीचा लेथ होता. १९५३ मध्ये बंगळुरात उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्याने देशाला लेथ म्हणजे काय ते दाखवलं, असं मी मानतो. मशीन सुरेख होतं. हेडस्टॉक पूर्ण गियरचा, बेड कडक केलेला, लिव्हर टाकला की गियर खट्‌कन बसणारा. पण वजन टनांत, मोटार घरच्या कनेक्शनला न पेलणारी, आणि गोठ्याच्या दारातून ते आत न्यायचं तर भिंतच पाडावी लागली असती. चांगलं मशीन आणि आपल्याला योग्य मशीन या दोन निराळ्या गोष्टी, हे तिथे भावोजींना वेगळं सांगावं लागलं नाही.

कोल्हापूरला शिरोलीकडे एक हिरवागार साडेचार फुटी बघितला. रंग ताजा, हँडलना नवं निकेल, किंमत वाजवी. विक्रेता म्हणाला, "ई-वे बिल करून देतो, कोगनोळी नाक्यावर कुणी अडवणार नाही." पन्नास हजारांच्या वरचा माल राज्याची हद्द ओलांडून आणायचा तर ते बिल लागतंच, तेव्हा बोलणं रास्त होतं. मी चकाजवळ बेडच्या कडेला नख फिरवलं. नख पायरीला अडकलं. मग सॅडलचा, म्हणजे बेडवर सरकत टूल नेणाऱ्या भागाचा, लॉकिंग बोल्ट चकाजवळ हलकासा आवळला, सॅडल जेमतेम सरकेल इतकाच, आणि सॅडल टेलस्टॉककडे फिरवत नेलं. निम्म्या बेडवर ते घट्ट झालं, पुढे जाईना. कारण टेलस्टॉककडचा बेड अजून मूळ मापात होता आणि चकाजवळचा खाली गेलेला होता. वर्षानुवर्षं तेच ते आखूड नग तिथेच काढले, म्हणून झीजही तिथेच.

बेड ग्राइंड करून मिळतो, हे खरं. पण बेड खाली गेला की सॅडल खाली जातं, त्याबरोबर एप्रन (सॅडलचा पुढचा भाग) खाली जातो, आणि लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) व त्याला पकडणारा हाफ नट यांची ओळ सुटते. मग सॅडलखाली पॅकिंग, स्क्रॅपिंग, पुन्हा जुळणी. यात मशीनच्या किमतीइतका पैसा सहज जातो. रंगाखालचा बेड हा लेथचा सांगाडा आहे. बाकी सगळं बदलता येतं.

नवा हलका लेथ, राजकोट-बटाला भागात बनतात त्या जातीचा, हा शेवटपर्यंत स्पर्धेत होता. अडतीस मिमीचं भोक, नवे स्क्रू, सोबत चक, स्टेडी, चेंज गियर, सगळं खोक्यात. ज्याच्याजवळ जुनं मशीन तपासणारा माणूस नाही त्याने हाच घ्यावा, असं मी आजही सांगेन. त्याची अडचण होती अंगातल्या लोखंडाची. पार्टिंग टूल लावून २५ मिमीचा मऊ स्टीलचा बार तोडायला घेतला तर अर्ध्यावर मशीन थरथरत ओरडू लागलं, आणि बारवर लाटा उमटल्या. वेग कमी केला, टूल आत ओढून घेतलं, तेव्हा जमलं. पार्टिंग ही माझी आवडती परीक्षा. त्यात मशीनचं पूर्ण अंग एकदम तपासलं जातं आणि विक्रेत्याला त्यात काही लपवता येत नाही.

पाटी पुसलेला लेथ

ज्या मशीनवर अखेर बोट ठेवलं, त्याच्यावरची पाटी घासून घासून कोरी झाली होती. कोणी बनवलं ते कळायला मार्ग नाही. बेल्टवर चालणारा, तीन पायऱ्यांची कोन पुली, बॅक गियर (वेग कमी करून ताकद वाढवणारा), सेंटरची उंची साडेसहा इंच, भोक ३८ मिमी. उद्यमबागेतल्या एका लहान युनिटच्या मेंटेनन्सच्या खोलीत तो होता, आणि माझ्या दृष्टीने याच गोष्टीला सगळ्यात जास्त किंमत आहे. उत्पादनाच्या ओळीतला लेथ दिवसाला दोन-तीन पाळ्या रगडला जातो. मेंटेनन्सचा लेथ आठवड्यातून कधीमधी पिन काढण्यापुरता फिरतो. दोघांचं वय सारखं असलं तरी झीज सारखी नसते. जुना लेथ शोधणाऱ्याने शाळेची, आयटीआयची किंवा मेंटेनन्सची खोली आधी बघावी.

भावोजींचा चेहरा पडला. बेडवर वंगणाचा काळा थर, टूल पोस्टवर वेल्डिंगचे थेंब, रंग जागोजागी उडालेला. मी डीझेलचा बोळा घेऊन बेड पुसला आणि त्यांनाच नख फिरवायला सांगितलं. पायरी जाणवली, पण जेमतेम. सॅडलची परीक्षा केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सॅडल सरकलं. शेवटी किंचित जड झालं इतकंच.

मग डायल (शतांश मिमीची हालचाल दाखवणारं गेज) लावला. स्पिंडलच्या नोजवर (चक चढतो त्या टोकावर), बाहेरच्या घासलेल्या पट्ट्यावर टोक टेकवून चक काढलेला स्पिंडल हाताने सावकाश फिरवला. काटा ०.०१ ते ०.०२ मिमीमध्ये हलला. आतल्या टेपरमध्येही तेवढाच. नंतर चक चढवला, त्यात जाड बार धरला आणि लाकडी दांडक्याने खालून वर उचकलला. डायलचं टोक या वेळी स्पिंडलवरच ठेवायचं, बारवर नाही, नाहीतर बारचीच लवचीकता मोजली जाते. काटा ०.०३ वर गेला. गनमेटल बुशच्या हेडस्टॉकला हे चालतं. बुशच्या फटीतली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) काढली की ते आणखी खाली येतं, आणि नंतर तसं आलंही. मशीन वीस मिनिटं जोरात चालवून हेडस्टॉकवर हात ठेवला. कोमट होतं, भाजत नव्हतं.

दोष होते आणि ते मोजूनच घेतले. क्रॉस स्लाइडच्या हँडलला पाव फेऱ्याचा प्ले (मोकळी हालचाल) होता, पण तो पूर्ण लांबीत सारखा होता. म्हणजे स्क्रू ठीक, पितळी नट झिजलेला. नट नवा करता येतो. हाफ नट चकाजवळ ढिला, टेलस्टॉककडे घट्ट, म्हणजे लीड स्क्रूची झीज चकाजवळ. आटे पाडताना ती थोडी नडणार, पण आखूड आट्यांना नाही. टेलस्टॉक खाली बसला होता, त्याला शिम. चार जबड्यांचा चक चांगला, तीन जबड्यांचा बाद. स्टेडी रेस्ट नाही. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडायला लागणारा १२७ दात्यांचा गियर नाही.

पार्टिंगला मात्र या मशीनने मन जिंकलं. बॅक गियर टाकला, तेल सोडलं, आणि तीन मिमीचं टूल त्याच २५ च्या बारमध्ये सरळ आत गेलं. चिप गुंडाळी होऊन बाहेर येत राहिली. भावोजी काही बोलले नाहीत, बार तुटून ट्रेमध्ये पडला तेव्हा म्हणाले, "हाच घेऊया." मी अजून टेलस्टॉकच तपासत होतो.

किंमत नव्या हलक्या लेथच्या जवळपास निम्मी ठरली. उरलेल्या पैशात नवा तीन जबड्यांचा चक, फिरतं सेंटर, ड्रिल चक, डायल गेज, टूल बिट आणि ब्रेझ केलेली कार्बाइड टूलं आली. जो माणूस सगळी रक्कम मशीनवर घालवतो तो पुढे सहा महिने चक आणि टूल मागत फिरतो. हे मी इतक्यांदा बघितलंय, की खर्चाचा हा भाग मी आधीच बाजूला काढायला लावतो.

सिंगल फेजवर थ्री फेज मोटार

मोटार होती दोन एचपीची, थ्री फेज. गावात कुणीतरी सुचवलं, शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवरून वायर ओढा. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, ती पिकाच्या पाण्यासाठी. तिच्यावर लेथ चालवणं हा सरळ गैरवापर, आणि शेतीच्या थ्री फेजला तसेही ठरावीक तास असतात. तो विषय तिथेच संपला.

सिंगल फेज मोटार बसवता आली असती. पण येळ्ळूरला संध्याकाळी व्होल्टेज खाली आलं की अशी मोटार जड कटाला बसते. त्यापेक्षा व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) बरा: आत सिंगल फेज, बाहेर थ्री फेज २३० व्होल्ट, शिवाय वेग कमी-जास्त करायची सोय. त्यासाठी मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडून बघावा लागतो. आत सहा टोकं असतील आणि पाटीवर ४१५ व्होल्ट स्टार (वाइंडिंग जोडण्याची एक पद्धत) लिहिलेलं असेल तर पट्ट्या बदलून डेल्टा (दुसरी पद्धत) करायचं, की तीच मोटार २३०-२४० वर चालते. तीनच टोकं बाहेर असतील तर स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्ये असते आणि रिवाइंडरकडे जावं लागतं. आमच्या नशिबाने सहा निघाली. हेस्कॉम या वीज कंपनीकडे घरचा मंजूर भार वाढवून घेतला, मीटरपासून जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी घेतली. पूर्ण भाराला व्हीएफडी बारा-चौदा अँपिअर ओढतो, जुन्या घराच्या प्लग पॉइंटवर तो लावायचा नाही.

वेगाचं एक गणित इथे देतो, कारण लेथ निवडताना ते फार कामाला येतं. दहा इंची, म्हणजे २५० मिमीची बिडाची पुली हायस्पीड टूलने मिनिटाला २० मीटरच्या वेगाने घासायची, तर स्पिंडल हवा फक्त २५ आरपीएम. २५ मिमीचा स्टीलचा शाफ्ट ३० मीटरने काढायचा तर ३८० आरपीएम. या लेथचा बॅक गियरमधला सगळ्यात कमी वेग ४२. व्हीएफडी ३० हर्ट्झवर आणला की तो बरोबर २५ वर येतो. याहून फार खाली मात्र जाऊ नये. मोटारीचा पंखा मोटारीच्याच शाफ्टवर असतो, तो मंदावला की मोटार तापते. ताकद हवी तेव्हा बॅक गियर आणि वेग नेमका जुळवायचा तेव्हा व्हीएफडी, असं ठेवावं.

आता धोक्याची गोष्ट. या लेथचा चक आट्यांवर चढतो. व्हीएफडीला झटक्यात थांबायला सांगितलं तर स्पिंडल थांबतो आणि जड चक आपल्या वेगाने फिरत राहतो, म्हणजे स्वतःच उलगडतो. दहा-पंधरा किलोचं लोखंड सुटून बेडवर, नाहीतर अंगावर. म्हणून थांबण्याची वेळ सात-आठ सेकंद ठेवली आहे, उलटं फिरवणं फक्त सगळ्यात कमी वेगाला. आट्यांच्या चकाच्या कुठल्याही जुन्या लेथला व्हीएफडी लावणाऱ्याने हे पहिल्या दिवशी करावं.

काळी जमीन, पाऊस

येळ्ळूरची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर नुसता कोबा करून लेथ ठेवला तर जमीन बेडला पीळ घालते, आणि बेडला पीळ पडला की सरळ शाफ्टही निमुळता निघतो. म्हणून लेथच्या जागेची काळी माती खोल काढून मुरूम भरला, ठोकला, वर सळईचं काँक्रीट टाकलं आणि ते पुरं मुरू दिलं. खंडेनवमीला लेथ आला तो बाजूला फळ्यांवर उभा राहिला. पूजा झाली, नारळ फुटला, पण बोल्ट लागले ते काँक्रीट तयार झाल्यावरच. या बाबतीत मी ऐकलं नाही.

आणताना सॅडल आणि टेलस्टॉक मागच्या टोकाला नेऊन आवळले, म्हणजे हेडस्टॉककडचं वजन थोडं सावरतं. पट्टा बेडच्या खालून घातला, लीड स्क्रूला दोर लागू दिला नाही. पिकअपमधून चेन पुलीने उतरवला आणि पाइपांवर ढकलत आत नेला.

लेव्हल लावून झाल्यावरची खरी तपासणी कापूनच होते. ४० मिमीचा बार चकात धरला, १५० मिमी बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. दोन टोकांना दोन कॉलर ठेवून मधला भाग उतरवला आणि एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवरून हलका कट घेतला. बाहेरची कॉलर ०.०६ मिमीने जाड आली. म्हणजे टूल तिथे अक्षापासून लांब जात होतं. टेलस्टॉककडचा पुढचा पाय बोल्टने किंचित उचलला, पुन्हा कट घेतला. असं करत फरक ०.०१ वर आला. विक्रेत्याच्या शेडमध्ये हीच तपासणी करून मशीन नाकारू नये, हेही सांगतो. तिथली जमीन वाकडी असू शकते आणि पीळ आपल्या घरी काढता येतो. झीज काढता येत नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजलं तेव्हा फरक ०.०२ झाला होता. पाव फेऱ्याने बोल्ट फिरवून तो काढला. गंजाचा त्रास जास्त. आपल्याकडच्या पावसात उघड्या बेडवर रात्रीत तांबूस छटा येते. प्लॅस्टिक झाकलं तर आत घाम धरतो आणि उलट जास्त गंज चढतो. आता काम झालं की बेडवर ६८ ग्रेडचं तेल, वर जाड सुती चादर, आणि जून ते सप्टेंबर चादरीखाली एक छोटा पिवळा बल्ब चालू. तेवढ्या उबेने दव बसत नाही.

राहिलेलं

क्रॉस स्लाइडचा नट भावोजींनी स्वतः केला, याच लेथवर, गनमेटलचा. प्ले पाव फेऱ्यावरून नखभर राहिला.

१२७ चा गियर करून घेतला. लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा, म्हणजे एका फेऱ्याला ६.३५ मिमी. त्यावर दीड मिमी पिचचे आटे पाडायचे तर प्रमाण नेमकं ३० भागिले १२७ येतं, दोन मिमीला ४० भागिले १२७. जुन्या इंजिनांचे आटे व्हिटवर्थचे (जुन्या इंची मापाचे), त्यांना हा गियर लागत नाही, पण नव्या पंपांचे सगळे मेट्रिक. बरेच जण ६३ दात्यांवर भागवतात. दहा मिमीच्या नटात त्याने जवळपास ०.०८ मिमीची चूक येते, तेवढी खपते. लांब आट्यांत खपत नाही. गियर सांगण्याआधी तो ब्रॅकेटवर मावतो का ते मोजून घ्यावं, दीड मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) १२७ दात्यांचा गियर बाहेरून १९३.५ मिमी भरतो. आणि इंची स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट मध्ये उघडायचा नाही, टूल मागे घेऊन मोटार उलटी फिरवत सॅडल परत आणायचं. उलटं म्हणजे सगळ्यात कमी वेगाला, वर सांगितलं त्याच कारणाने.

सध्या काम चालू आहे स्टेडी रेस्टचं. विकत मिळणारं या सेंटरच्या उंचीला बसेना. भावोजींनी सागवानी लाकडाचा पॅटर्न (ओतकामाचा नमुना) कोरला, आटण्याची जादा माया धरून, आणि मच्छेतल्या एका फौंड्रीने आपल्या रोजच्या ओतकामासोबत त्याचं बिडाचं कास्टिंग काढून दिलं. खालचा तळ बेडच्या व्ही वर स्क्रॅप करून बसवला आहे. आता त्याची तीन बोटांची भोकं पाडायची, आणि मधली गोलाई त्याच लेथवर, दोन सेंटरांमध्ये बोअरिंग बार फिरवून आणि बेडवर बसवलेलं कास्टिंग सॅडलने हळूहळू सरकवत काढायची, म्हणजे ती आपोआप स्पिंडलच्या ओळीत येते. ते झालं की वहीतला दीड फुटी ३५ चा शाफ्ट फक्त आतून आरपार धरूनच नव्हे, तर बाहेरून आधार देऊनही करता येईल. सध्या तो स्पिंडलच्या भोकातूनच होतो आहे.